आईविरुद्ध एक तक्रार

माझ्या आईविरुद्ध आजवर एकच तक्रार झाली आहे, आणि ती मी केली. लोकसभेच्या उमेदवारासमोर, आमच्याच घरात, माइकवरून, तीसेक माणसांच्या साक्षीने. गल्लीत हा प्रसंग प्रत्येक जण आपापल्या परीने रंगवून सांगतो, म्हणून एकदा माझी बाजूही लिहून ठेवावी असं वाटलं. (माझी बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच कबूल करते.)

आम्ही मल्लेश्वरममध्ये राहतो. आमचे पूर्वज बेंगळुरूत कधी आले ते घरात कोणालाच आठवत नाही. पण त्या सगळ्या पिढ्यांमध्ये कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अप्पा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. आई घरी दोशाचं पीठ वाटून विकते. मी बी.ए.ला गेल्यापासून घराचा असा ठाम समज झाला की, जगात जे काही छापलेलं आहे ते आमच्या रेणूला कळतं. खरं सांगायचं तर, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

राज्यशास्त्राच्या सरांनी आम्हाला निवडणुकीत एकेका उमेदवाराबरोबर हिंडून निरीक्षणं लिहायला सांगितली. हुशार मुलांनी मोठे पक्ष पटकावले. त्यांना टी-शर्ट मिळाले, बिर्याणी मिळाली. मला मिळाले वेंकटराव. अपक्ष!

वेंकटराव आमच्याच मराठी समाजातले. विजेच्या खात्यात इंजिनियर म्हणून लागले, चढत चढत राज्याचे वीजदर ठरवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष झाले. वीज कंपनी म्हणणार दर वाढवा, लोक म्हणणार कमी करा. दोघांचं शांतपणे ऐकायचं आणि ‘निर्णय राखून ठेवला आहे’ असं म्हणून उठायचं, यात त्यांची कित्येक वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर कोणीतरी म्हणालं, असा सचोटीचा माणूस दिल्लीत पाहिजे. वेंकटरावांनी ते खरं मानलं.

प्रचार म्हणजे त्यांच्या लेखी जनसुनावणीच होती.

“साहेब, आमचा रस्ता करून देणार काय?”

“रस्ता पालिकेकडे येतो. लोकसभेच्या अधिकारात बसत नाही.”

“मग तुम्ही काय देणार?”

“तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे.”

आणि ते खरोखरच नोंदवून घ्यायचे. त्यांच्याकडे झेंडा नव्हता, फाइल होती! एकदा मीच चाचरत म्हटलं, “सर, एखादं तरी आश्वासन द्यायला हवं ना?”

“दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय?”

“आश्वासनाला दुसरी बाजू कुठली, सर?”

“ज्याच्या खिशातून ते पुरं होणार, ती.”

हे मी वहीत लिहून घेतलं. असा माणूस निवडून येणं कठीण आहे, हे मात्र लिहिलं नाही.

इतक्यात अप्पांनी परस्पर जाहीर करून टाकलं की, वेंकटरावांची एक बैठक आपल्या घरी होणार आणि पहिला प्रश्न रेणू विचारणार. आई म्हणाली, “सरी, चालेल. पण चार वाजता मला ग्राइंडर लावायलाच लागतो. संध्याकाळी फ्लॅटवाले डबे घेऊन येतात.” स्वयंपाकघराचं दार बंद ठेवायचं ठरलं.

मी जोरात तयारीला लागले. वेंकटरावांच्या काळातला वीजदराचा अख्खा आदेश मी वाचला. (तो लिहिणाऱ्यांच्या खालोखाल मीच वाचला असेल.) त्यात एक भाग मला फार आवडला. घरगुती जोडणी घेऊन काही ग्राहक घरात धंदा चालवतात आणि त्याचा भार इतरांवर पडतो, असं त्यात होतं. यावर प्रश्न विचारला तर केवढं वजन पडेल! आरशासमोर उभी राहून मी तो पाठ केला. शपथेवर सांगते, आई माझ्या डोक्यातही आली नाही. आदेशात होते ते ‘काही ग्राहक’. आई म्हणजे आई!

बैठकीला लोक दाटीवाटीने बसले. आईने सगळ्यांना दोसे दिले. वेंकटराव घाईने उठून म्हणाले, “हे मी दिलेले नाहीत, याची नोंद घ्यावी. आचारसंहिता आहे.” स्वतः त्यांनी घरून आणलेलं पाणी प्यायलं. मग अप्पांनी माझ्या हातात माइक दिला.

“सर,” मी म्हणाले, “काही ग्राहक घरगुती जोडणीवर यंत्रं लावून धंदा करतात. प्रामाणिक ग्राहकांना त्याचा भुर्दंड बसतो. अशा लोकांवर आपण कोणती कारवाई कराल?”

टाळ्या पडतील म्हणून मी थांबले. पडल्या नाहीत. दोशाचा घास हातात धरून सगळे माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या शांततेत बंद दारामागून घर्र घर्र घर्र असा आवाज येऊ लागला. तो आधीपासूनच येत होता. मला मात्र तो तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

“रेणू, बस की गं खाली!” शेजारच्या पार्वतक्का दबक्या आवाजात ओरडल्या.

अप्पा धडपडत उभे राहिले. “ते... ते वॉशिंग मशीन आहे, सर.”

वेंकटरावांनी कान दिला. “वॉशिंग मशीन असं वाजत नाही. दगडी ग्राइंडर आहेत. तीन. त्यातल्या एकाचा पट्टा ढिला झालाय.”

धाडकन दार उघडलं. कोपरापर्यंत पीठ लागलेली आई दारात उभी होती. “कोण म्हणतं ढिला झालाय?”

“अगं, हे तेच,” अप्पा कुजबुजले. माइक अजून माझ्या हातात चालूच होता, त्यामुळे ती कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत गेली. “विजेचे रेट ठरवणारे!”

दुसरा कुठलाही उमेदवार हसून दोसा मागून तीस मतं घेऊन गेला असता. पार्वतक्कांनी तर वाटही दाखवली. “अण्णा, तुम्ही आता रिटायर झालात की. ऐकलंच नाही म्हणा.”

“माइकवर ऐकलंय, अक्का. नोंद झाली.” वेंकटरावांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं. “आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकू.”

दुसरी बाजू म्हणजे माझी आई. ती आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोललेली नव्हती. पदराला हात पुसत ती म्हणाली, “ग्राइंडर बंद करायला सांगणार काय, अण्णा? ते बंद तर हिचं कॉलेज बंद.” माझं नाव तिने घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

“वेगळं मीटर का घेतलं नाहीत?”

“गेले होते की ऑफिसात! मला काय फसवायचं होतं? अर्ज दिला त्यांनी. मला वाचायला स्वल्पच येतं. म्हणून घरी आणून शिकलेल्या माणसाकडे दिला.”

“कोणाकडे?”

आईला सांगायची गरजच पडली नाही. सगळी खोली माझ्याकडेच बघत होती.

तो अर्ज माझ्याच पुस्तकांखाली होता. गेल्या दिवाळीपासून! आळस म्हणून राहिला असता तर मी इथे सरळ सांगितलं असतं. पण तसं नव्हतं. मी तो वाचला होता, अनेकदा वाचला होता, आणि मला कळला नव्हता. ‘मागणीभार’ म्हणजे काय लिहायचं? ते कोणाला विचारायची लाज वाटली. घरातली एकुलती एक शिकलेली मुलगी, तिला साधा अर्ज भरता येत नाही म्हणजे काय! आई विचारायची तेव्हा मी “बघतेय, अभ्यास चालू आहे” म्हणायचे, आणि ती बिचारी “सरी” म्हणून परत पिठाकडे वळायची.

“आणा तो अर्ज,” वेंकटराव म्हणाले.

मी आणला. तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखित केलेला. त्यांनी आठही पानं चाळली. “अभ्यास चांगला झालाय. भरलेलं मात्र काही नाही.”

आता सगळे मोकळेपणाने हसले. अप्पासुद्धा!

वेंकटराव स्वतःच अर्ज भरायला बसले. पहिली दोन पानं झरझर झाली. तिसऱ्या पानावर पेन थांबलं. ते सातव्या पानावर गेले, परत तिसऱ्यावर आले. पुन्हा सातव्यावर गेले.

“इथे जो दाखला मागितलाय, तो सातव्या पानावरच्या मंजुरीशिवाय मिळत नाही. आणि ती मंजुरी या दाखल्याशिवाय होत नाही. हा नमुना मंजूर कोणी केला?”

त्यांनी शेवटचं पान उलटलं, खालची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली, आणि पेन खाली ठेवलं.

“माझ्याच काळातला आहे,” ते म्हणाले. “माझं चुकलं.”

त्यांचा फोन वाजला. दुसऱ्या वस्तीत लोक ताटकळत बसले होते. “सुनावणी चालू आहे,” एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. मग उरलेली पानं भरली आणि मला समोर बसवून वीज कंपनीला एक पत्र लिहायला लावलं : अर्जातली चूक अशी अशी आहे, ती दुरुस्त करून अर्जदाराला जोडणी द्यावी. ‘मागणीभार’ म्हणजे सगळी यंत्रं एकदम चालू असताना किती वीज लागेल तो आकडा, हेही समजावलं. दोन मिनिटांत कळलं! दोन मिनिटांच्या त्या गोष्टीला मी इतके महिने घाबरून होते. पत्रावर पहिली सही आईची, दुसरी त्यांची.

निघताना अप्पांनी विचारलं, “सर, होईल ना काम?”

“सांगता येत नाही. पण अर्ज आता बरोबर आहे.”

वेंकटराव पडले. इतके पडले की वर्तमानपत्राने त्यांचं नावही दिलं नाही, ‘इतर’ मध्ये घातलं. आईने मत त्यांनाच दिलं होतं. “एवढा मोठा माणूस ‘माझं चुकलं’ म्हणाला,” ती म्हणाली. “दुसरं काय बघायचं?” मी निरीक्षणांच्या वहीत पानंच्या पानं लिहिली होती, आईचं हे एक वाक्य त्यांत शेवटी जोडलं. सरांनी फक्त त्याच्याखाली बरोबरची खूण केली.

काही महिन्यांनी नवीन मीटर बसवायला लाइनमन आला. शिडीवर चढायच्या आधी त्याने कागद चाळले आणि थक्क झाला. “अक्का, एकही चूक नाही! अर्ज कोणी भरला?”

“आहेत एक अण्णा,” आई म्हणाली. “दिल्लीला जाणार होते. नाही जमलं.”

“घरात कोणी शिकलेलं नाही काय?”

“आहे की,” आई म्हणाली. “ती काय, तुमची शिडी धरून उभी आहे.”