हरकतीचं बटण

सातपूरच्या एका कारखान्यात मी देखभाल विभागाचं ऑफिस सांभाळत होते. प्रेस मशीनच्या सूचना आम्ही नुकत्याच विकीवर आणल्या होत्या. म्हणजे कॉम्प्युटरवरची पानं, कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. शिष्टाचार मी घालून दिले होते. दुसऱ्याचं वाक्य थेट खोडायचं नाही. बदल खाली सुचवायचा, कारण द्यायचं, आठवडाभर थांबायचं. कुणी ‘हरकत’ दाबली नाही, तर संमती धरायची.

नव्या इंजिनिअरने सुचवलं: छोट्या प्रेसची डाय, म्हणजे साचा, बदलताना वरचा भाग खाली येऊ नये म्हणून लावायचा आधाराचा लोखंडी ठोकळा नको, वेळ जातो. आठवडा गेला. वाक्य निघालं, नवा कागद मशीनवर चिकटला.

चहाच्या वेळी मी फोरमनकाकांना म्हटलं, “तुम्ही कसे काय तयार झालात?”

“कोण तयार झालं?”

त्यांनी माउस धरला. बोटं थरथरत होती. ‘हरकत’ एका बारीक मेनूत होती. बाण जरा घसरला की मेनू मिटायचा. चार वेळा मिटला.

“रोज बसतोय,” ते म्हणाले. “हरकत आहे हो मॅडम, पण हातात येत नाही.”

“सांगायचं तरी!”

“काय सांगू? हात गेला म्हणून? उद्या घरी बसवतील.”

मी मेनूच काढून टाकला. पानभर रुंद पट्टी केली. कुठेही टेकवा, एका क्लिकमध्ये हरकत. काकांनी दाबली. ठोकळ्याचं वाक्य परत आलं.

“इथे आलं,” ते म्हणाले. “मशीनवरच्या कागदाचं काय?”

तेव्हा लक्षात आलं, मशीन शॉपमधून छोट्या प्रेसचा ठोका ऐकू येत नव्हता. म्हणजे डाय बदलत होते.

आम्ही धावलो. ठोकळा भिंतीला टेकवलेला, ऑपरेटरचा हात कोपरापर्यंत प्रेसच्या आत. मी तोंड उघडलं. काकांनी हात आडवा केला.

“हाक मारू नका. दचकला तर पाय पेडलवर पडेल, प्रेस खाली येईल.”

ते मागून गेले आणि दोन्ही हातांनी मेन स्विच खाली ओढला. प्रेसचं जड चाक तरी फिरतच राहिलं; ते फिरतंय तोवर धोका होताच. आवाज बारीक होत गेला, संपेना. ऑपरेटर स्वतःशी गुणगुणत नट काढत होता.

चाक थांबलं.

“हात काढ रे बाबा,” काका म्हणाले.

त्याने हात बाहेर काढला, पुसला आणि मशीनवरच्या कागदाकडे बोट केलं. “काय झालं काका? ह्याच्यात लिहिलंय तसंच करतोय ना.”