वार लावणारे काका

"जेवताना माणसाला प्रश्न विचारायचा नाही," असं म्हणून काका तळवा वर करायचे. थेट ट्रॅफिक हवालदार. घर कुणाचंही असो, वाढता वाढता घरच्या बाईंनी जेवायला आलेल्या पोरीला "मग आता तिकडे कसं आहे?" एवढं जरी काढलं तरी हात वर. आणि लगेच, "भात वाढा जरा. तिला नको, मला."

काकांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर अल्बनीतली त्यांची सून मला पुन्हा हळदीकुंकवाला बोलावणार नाही, आणि तिच्या हातचे बटाटेवडे मी इतक्या सहजी सोडायची नाही. एवढंच सांगते की गृहस्थ पुण्याला वीज मंडळात होते, बायको गेल्यावर ऑकलंडला मुलाकडे आले आणि राहिले. असे काका तुम्हीही पाहिले असतील. अंगात मुलाचं जुनं जॅकेट, मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या अंगठ्याच्या चपला (त्या कशा बसवायचे देव जाणे), आणि बसस्टॉपवर दिसेल त्याला माओरीतला नमस्कार, "किया ओरा".

आमच्याकडे एक संस्था आहे. गाझातल्या आणि वेस्ट बँकेतल्या, हुशार पण परिस्थितीने गांजलेल्या मुलांना शिष्यवृत्ती देऊन इथल्या विद्यापीठात शिकायला आणते. काम चांगलंच आहे, त्यात वादच नाही. विद्यापीठाने फी माफ केली, संस्थेने विमानाचं तिकीट आणि खोली दिली. टी-शर्टाच्या रंगावर तर दोन मीटिंगा रंगल्या. मुलगी आल्यावर जेवणार काय, हा विषय मात्र कुणाच्या अजेंड्यावर नव्हता. बहुधा ती प्रेरणेवर जगणार होती.

मराठी मंडळातर्फे मी त्या मीटिंगला होते. काकांचा मुलगा खजिनदार, म्हणून काकाही मागच्या खुर्चीत. जेवणाचा प्रश्न अखेर निघाला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि मागून आवाज आला, "वार लावा की!"

मग त्यांनीच समजावलं. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वाराने जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा निघायचा आणि शिक्षण व्हायचं. त्यांचे स्वतःचे वडील असेच शिकले. "जात विचारूनच वार मिळायचा, तेवढं आपण गाळू," असंही वर म्हणाले. संस्थेचे अध्यक्ष, उंचेपुरे गोरे गृहस्थ, स्वभावाने अगदी गरीब. ते खूश होऊन म्हणाले, "स्वीट ॲज!" म्हणजे आपलं झकास.

मुलीचं नाव रीम. पाण्याच्या इंजिनिअरिंगला आलेली. आई आणि धाकटी बहीण गाझातच, तंबूत. ती आली आणि आम्हा सात घरांत जी काय चढाओढ लागली म्हणता! सोमवारवाल्यांनी पुरणपोळी केली म्हणून मंगळवारवाल्यांनी उकडीचे मोदक केले. बुधवारवाले कांदासुद्धा न खाणारे, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, पापाटोएटोला जाऊन हलाल चिकन घेऊन आले आणि बाहेर बार्बेक्यूवर शिजवलं. गुरुवार माझा होता. मी आमटीभात केला आणि साधेपणात पहिला नंबर काढला.

रीमबरोबर प्रत्येक घरी काका यायचे. बस बदलून, ट्रेन बदलून. "तिला रस्ते कुठे माहीत आहेत?" म्हणायचे. पोरीने पहिल्याच आठवड्यात सगळे रस्ते पाठ केले होते, काकाच तिच्या मागून चुकीच्या बसमध्ये चढायचे. लोक हसायचे. "काकांची चंगळ आहे बुवा, सात घरी आयतं!" सून तर लाजेने अर्धी झाली होती. काका ऐकायचे आणि आणखी एक पोळी मागायचे.

ते कशाला यायचे हे मला हळूहळू कळलं. आपण सगळी दयाळू माणसं. आपल्या दयाळूपणाला भूक फार. श्रीखंड वाढता वाढता आपल्याला विचारायचं असतं, घर पडलं तेव्हा तू कुठे होतीस? कोण कोण गेलं? आणखी थोडं घे ना, आवडलं का? रीमचा घास तोंडाशी थांबायचा आणि काकांचा तळवा वर जायचा.

एकदा माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलताना ते बोलले. "वडिलांच्या मंगळवारच्या घरी एक बाई होत्या. प्रेमळ हो! पण दर मंगळवारी कोणी ना कोणी पाहुणा, आणि त्याला म्हणायच्या, ऐका, या पोराचा बाप कसा गेला ते ऐका. मग वडिलांनी सांगायचं. सांगून झालं, बाईंनी डोळे पुसले, की पान वाढायचं. सांगून सांगून वडिलांना स्वतःचाच बाप खोटा वाटायला लागला." बोलता बोलता मटार त्यांनी अर्धे कच्चेच खाल्ले.

मग संस्थेचं वार्षिक जेवण ठरलं. त्यात जमतील त्या पैशांवर पुढच्या वर्षीची शिष्यवृत्तीची एक जागा, आणि ती रीमच्या बहिणीला द्यायचं जवळजवळ पक्कं. अध्यक्ष रीमला म्हणाले, "अजिबात आग्रह नाही, पण तू तुझी गोष्ट सांगितलीस तर लोकांच्या मनाला भिडेल." रीम हो म्हणाली. त्या गुरुवारी माझ्याकडे तिने कागद काढून वाचायची तालीम सुरू केली. काकांनी हात वर केला. ती शांतपणे म्हणाली, "मला कुणी विचारलेलं नाही, काका. मीच सांगणार आहे." हात खाली आला. मला वाटलं, विषय संपला.

हेन्डरसन उपनगरातला हॉल. टेबलांवर पांढऱ्या चादरी, बटर चिकन, मंद दिवे. दुःख ऐकायला आम्ही किती छान नटूनथटून आलो होतो! रीमचं नाव पुकारायच्या आतच काका उठले, माईक उचलला आणि सरळ अध्यक्षांच्या टेबलाशी गेले. वीज मंडळाच्या खणखणीत इंग्रजीत विचारलं, "आपले वडील कसे वारले, कृपया सविस्तर सांगावे."

अध्यक्षांचा काटा हवेतच राहिला. "कॅन्सर," ते बिचारे म्हणाले.

"फार तडफडले का? सावकाश सांगा, घाई नाही. मध्ये आवाज कापला तर उत्तम, लोक सढळ हाताने देतात."

काका पुढच्या टेबलाकडे वळले तेव्हा मुलाने धावत येऊन माईक काढून घेतला. कार्यक्रम गुंडाळला. रीमला बोलावलंच नाही. मला तर उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. आहे की नाही माणूस, असं वाटून ऊर भरून आला होता.

बाहेर पार्किंगमध्ये रीम त्यांच्यासमोर उभी राहिली. "माझ्या बहिणीची जागा होती ती," ती म्हणाली. "बसमध्ये तुम्हीच सांगितलंत ना? तुमचे वडील सांगत राहिले म्हणून शिकले, म्हणून तुम्ही आज इथे आहात. मलाही सांगू द्यायचं होतं. ते ठरवणारे तुम्ही कोण?"

मघाशी टाळ्या वाजवायला निघालेली मी गाडीची किल्ली शोधायला लागले.

त्या वर्षी पुरेसं जमलं नाही, जागा गेली. संस्थेकडून फार सभ्य भाषेतला ईमेल आला. घरातही काय काय झालं असेल ते असेल, पण महिनाभरात काका पुण्याला गेले, ते परत आलेच नाहीत. जाण्याआधी रीमला भेटायला तिच्या खोलीवर गेले होते. तिने दार उघडलं, चहा दिला, बोलली मात्र नाही.

पुढच्या वर्षीच्या जेवणात रीम बोलली. सगळं सांगितलं, जिथे आवाज कापायला हवा तिथे कापला. सगळे उठून उभे राहिले, अध्यक्ष रडले, मीही रडले. बहिणीची जागा मंजूर झाली. बहीण अजून तिकडेच आहे. जागा आहे, बाहेर पडायला वाट नाही. विद्यापीठ दर सत्राला प्रवेश पुढे ढकलतं, फार तत्पर आहे त्या बाबतीत.

मागच्या हिवाळ्यात काका पुण्यातच वारले. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं झालं ते रीमच्या त्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी. मीच उत्साहाने फोन केला होता. म्हटलं, काका, झालं काम, बहिणीला जागा मिळाली!

"बरं झालं," ते म्हणाले. आणि मग, "बोलून झाल्यावर ती जेवली का?"

"नाही काका. ताट मीच उचललं, हातसुद्धा लावला नव्हता."



"माझे वडील जेवायचे हो," काका म्हणाले. "सांगून झालं की पोटभर जेवायचे."