उलटे चालणारे अप्पा

माझं मराठी तंजावूरचं. पुण्याची सून ते दुरुस्त करून देते आणि मध्येच फिसकन हसते. हसू दे! आमच्या मराठी घरांत बोलता सगळ्यांना येतं, देवनागरी वाचता येणारे फार थोडे. तेव्हा आमच्यातलं कुणी हे वाचेल अशी धास्ती नाही, म्हणून सांगून टाकते. लग्नाआधी मी एका चाकाची सायकल चालवून पैसे मिळवत होते. मिशी लावून.

चाक अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. तरुणपणी ते एका सर्कशीत सायकली दुरुस्त करायचे. सर्कस बुडाली तेव्हा ते चाक तेवढं घेऊन घरी आले आणि मोठ्या देवळामागे भाड्याच्या सायकलींचं दुकान टाकलं. बाकीचे नातलग शाळेत नाहीतर कचेरीत. हात काळे फक्त आमच्या अप्पांचे. त्या चाकावर मी परकर खोचून चढले आणि गुडघे फोडून घेत शिकले.

एका चाकावर बसलं की खाली बघायचं नाही. बघितलं की पडलातच. नजर समोर, डोळ्यांच्या उंचीवर, कशावर तरी खिळवायची. पण रस्त्यावरच्या गर्दीत जागचं न हलणारं काय असणार? म्हणून अप्पा माझ्यापुढे उलटे चालायचे. तोंड माझ्याकडे, पाठ गर्दीकडे, हातात मिटलेली काळी छत्री उभी धरलेली, तिच्या मुठीला पिवळा रुमाल. "चाकाकडे नको गं, माझ्याकडे बघ," एवढंच म्हणत राहायचे. मागे खड्डा आहे की म्हैस, त्यांना काय दिसणार! पण एकदाही पडले नाहीत.

ते दिवस नव्या दुकानांचे होते. रंगीत टीव्हीचं शोरूम, मोपेडचं शोरूम, रोज कशाचं तरी उद्घाटन, आणि लोक जमवायला काहीतरी गंमत हवीच. मग लग्नांतूनही बोलावणी यायला लागली. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जानवासम असतं. नवऱ्या मुलाला सुटाबुटात उघड्या मोटारीत बसवायचं आणि देवळापासून मंडपापर्यंत वाजतगाजत आणायचं. त्या मोटारीपुढे मी. डोक्यावर पितळेचा तांब्या, हातांत उडती लिंबं, मागे नादस्वरम, आमच्याकडची लांब सनई. बिदागी विड्याच्या पानांवर नारळाबरोबर यायची. एका शोरूमनं पैशांऐवजी मिक्सर दिला. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वाटण मात्र रगड्यावरच करत राहिली.

मिशी ही आईचीच अट. "आपली घरं ती किती! एकानं ओळखलं तर तुझं लग्न झालंच समज," ती म्हणायची आणि काजळाच्या काडीनं मिशी रेखायची. वर पगडी, खाली चुडीदार. लोक म्हणायचे, काय पोरगा आहे बघा! खरं सांगते, त्या मिशीआड मी जेवढी सुखात होते तेवढी कुठल्याच कांजीवरममध्ये नव्हते.

मग कुंभकोणमचं स्थळ आलं. आपल्यातलेच, मुलगा बँकेत. बघायला आले तेव्हा बाकीच्या मुली पायाच्या अंगठ्याकडे बघत येतात तशी मी यायला हवी होते. पण हातात कॉफीनं भरलेल्या पेल्यांचं ताट आणि समोर अप्पा उभे. सवयीनं नजर त्यांच्यावर खिळली. मी चालायला लागले आणि काय सांगू, अप्पाही सवयीनं एक एक पाऊल मागे जायला लागले! शेवटी टीव्हीवर आपटले. सगळे हसले. मुलगाही हसला, मग एकदम गंभीर झाला. कॉफीचा थेंब सांडला नव्हता. लग्न ठरलं.

आमच्यात तेव्हा ठरलेल्या मुलानं मुलीशी बोलायचं नसे. काही सांगायचं तर मुलाच्या मामानं मुलीच्या बापाला सांगायचं. लग्नाच्या आठवड्यात मामा आले, पाय पसरून बसले आणि म्हणाले, "मुलाची एकच मागणी आहे. जानवासमात तो एका चाकावरचा मुलगा पाहिजे. छत्रीवाल्या माणसासकट."

अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. मामा जिना उतरले न उतरले तोच आईनं कपाळावर हात मारला. "अय्यो, कळलं त्यांना! टोमणा मारून गेले." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मी म्हटलं, "मग चालवतेच मी. मिशी न लावता. मोडलं लग्न तर मोडू दे." मनात एवढंच होतं, की ज्या घरात जन्म काढायचा तिथे चाक लपवून जायचं नाही. आई रडायला लागली. अप्पा म्हणाले, "तू माझ्याकडे बघून चालतेस ना? मग ह्या वेळी मी सांगतो तसं कर." आणि मी गप्प बसले. त्यांनी कुंभकोणमला निरोप धाडला, तो मुलगा मुंबईला गेला, परत येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यांनी चाकाचे आरे एकेक सोडवले. मला हाक मारली नाही.

जानवासमाच्या संध्याकाळी मी मंडपाच्या खिडकीत, दोन्ही हातांना ओली मेंदी. देवळापाशी नादस्वरम सुरू झालं, पण मोटार काही हलेना. तोच राग पुन्हा, पुन्हा तोच. पोरंटोरं पळत जाऊन बघून आली, गाडी उभीच. "इंजिन तापलं असेल," अप्पा दारातून सगळ्यांना सांगत होते. वरात आली तेव्हा नवरा मुलगा गाडीत ताठ बसला होता, कुणाकडे न बघता. मला वाटलं, बाई गं, शिष्टच दिसतोय!

शिष्ट मुळीच नव्हते. संसार चांगला झाला. चाकाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

अप्पा गेले. तेराव्याची पानं उठल्यावर ह्यांनी खुंटीवरची छत्री काढली. तिच्या मुठीला त्या रुमालाची चिंधी अजून होती. म्हणाले, "ह्या छत्रीची वाट बघत मी देवळापुढे बसलो होतो."

मला काही कळेना. मग हे सांगत गेले. तिरुवैयारुला एका मित्राच्या जानवासमात त्यांनी आम्हाला पाहिलं होतं. आमच्या घरी मी कॉफी घेऊन आले, अप्पा उलटे चालायला लागले, आणि ह्यांनी ओळखलं. "मामाला म्हटलं होतं, त्यांना सांगा, मुलगी चाकावरून आली तरी आम्हाला आनंदच आहे. मामा म्हणाला, असं उघड कसं बोलायचं, मी नीट गुंडाळून सांगतो." ताकाला जाऊन भांडं लपवलं, आणि ते भांडं आमच्या डोक्यात पडलं!

"अहो, मग दुसऱ्या दिवशी का नाही विचारलंत मला?"

"निरोप आला होता ना, मुलगा परत येणार नाही म्हणून. तरी थोडी आशा होती. तू आली नाहीस तेव्हा वाटलं, ते तूच कळवलंस, चाक आता नको म्हणून."

मी छत्री त्यांच्या हातातून घेतली आणि भिंतीला टेकून रडले. अप्पांसाठी, आणि माझ्यासाठीही. इंजिन कसलं तापतंय! नादस्वरमवाले दमेपर्यंत माझा नवरा गाडी अडवून माझी वाट बघत बसला होता, आणि मी दोन गल्ल्या पलीकडे मेंदी वाळवत होते.