टिटवाळ्याचं बाळाराम वळण

बुधवारी माझ्या भाचीचा, प्राजक्ताचा फोन आला. "मामा, रविवारी काय करतोयस?" असं ती विचारते तेव्हा तिने माझा रविवार आधीच ठरवलेला असतो. ती डोंबिवलीत राहते, दिवसा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रांची डिझाइन्स काढते आणि उरलेल्या वेळात मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवते. दर वर्षी भात कापून झालं की टिटवाळ्याच्या पुढे एका शेतमालकाच्या रिकाम्या शेतांत ट्रॅक आखतात आणि तिथे शर्यत होते. या वर्षी पुण्याची एक टीम तिथे बघायला येणार होती. पहिल्या तिघांना पूर्ण मोसमासाठी टीमची गाडी. प्राजक्ता तीन वर्षं ज्याची वाट बघत होती ते हेच.

"आणि तू बाळारामदादांना घेऊन यायचंस," ती म्हणाली. "त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरने गाडी चालवायची नाही सांगितलंय. माझ्याकडे गाडीचं सगळं सामान आहे. आणि मामा, नीट चालव प्लीज."

ज्यांना बाळारामदादा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. शीळफाट्याजवळच्या आगरी गावातला हा माणूस तरुणपणी रॅलीत उतरला तेव्हा त्याची गाडी सेकंडहँड आणि बाकीच्यांच्या परदेशी होत्या. पावसाळी घाटातल्या, धुक्यातल्या, चिखलातल्या त्यांच्या शर्यतींच्या गोष्टी कल्याणपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. त्यातल्या निम्म्या खोट्या असतील असं मी धरून चालायचो. टिटवाळ्याच्या ट्रॅकवर त्यांच्या नावाचं एक वळण आहे. बाळाराम वळण. तिथे ते गाडी पार बाहेरच्या कडेला, उंबराच्या झाडापर्यंत नेऊन मग आत घ्यायचे, आणि ज्या वर्षी त्यांनी ते पहिल्यांदा केलं त्या वर्षी त्यांना कुणी गाठू शकलं नाही. तेव्हापासून तिथे उतरणारा प्रत्येक जण तसाच जातो. तर अशा माणसाला माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये शेजारी बसवून शीळफाटा पार करायचा होता. मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

रविवारी सकाळी सहाला ठाण्यातून निघालो. आमच्या गल्लीचं डावं वळण सगळे घेतात तसं मी लांबून घेतलं आणि समोरून येणाऱ्या दूधवाल्याची रोजची शिवी खाल्ली. घोडबंदर रोड रिकामा होता. कुणाला इकडे यायचं असेल तर सांगतो, मुंब्रा बायपास सातच्या आत पार करा, नंतर ट्रेलरांची रांग लागते आणि मग तुमचा नाश्ता तिथेच होतो.

दादांचं घर मोठं, दुमजली, पुढे अंगण. मागच्या मोकळ्या जागेत प्राजक्ता त्यांच्याकडेच शर्यतीची गाडी शिकली. ते काळा गॉगल लावून तयारच बसले होते. वहिनींनी माझ्या हातात आधी डबा दिला, मग डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली.

"भाऊ, दर दोन तासांनी थेंब घालाचा," वहिनी म्हणाल्या. "आनि यांना धुलीत उतरू देव नको. गारीत बसून बगूदे काय बगाचा तो."

मी शब्द दिला. दादा गॉगलच्या आडून माझ्याकडे बघत होते, आणि तो शब्द किती टिकेल याची त्यांना चांगलीच कल्पना असावी.

गाडीत बसताच त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय सपाट टेकवून बसले. मी पहिला गिअर टाकला तो खर्रकन. मला वाटलं होतं सूचना येतील, टोमणे येतील. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते रस्त्याकडे बघत होते. शीळफाट्याच्या गर्दीत पुढे एक टँकर होता. मी त्याच्या डावीकडून काढायला निघालो.

"नको. तो डावीकडं येतो," दादा म्हणाले.

टँकरचा इंडिकेटर बंद होता. मी तरी पाय सोडला, आणि टँकर माझ्या नाकासमोरून डावीकडे आला.

"कसं कळलं?"

"त्याचा पुडचा चाक बग ना. मानूस हात नंतर दाकवतो, चाक आदी सांगतो."

कटई नाक्यापर्यंत त्यांनी असं सात-आठ वेळा केलं. कुठली रिक्षा मध्येच थांबणार, कुठला बाइकवाला मागे न बघता वळणार. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वर काळा गॉगल, आणि मला दोन धड डोळ्यांनी जे दिसत नव्हतं ते या माणसाला दिसत होतं. गॅरेजमधल्या गोष्टी निम्म्या खोट्या असतील हे माझं मत पत्री पुलाच्या आसपास बदललं.

कल्याणात मिसळ खाल्ली. स्टेशनपासून जरा लांब, जिथे गाडी लावता येईल अशी जागा शोधा. मिसळ झणझणीत, पाव मऊ, रस्सा मागाल तेवढा. दादांनी दोन प्लेट खाल्ल्या आणि पहिल्यांदाच खुलले. मी वळणाचा विषय काढला. त्या वर्षीचा दिवस, उंबरापर्यंत गेलेली गाडी, श्वास रोखलेले लोक, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं.

"तिथं बोरड हाय माज्या नावाचा," ते म्हणाले. "गावच्या जमिनी गेल्या, रस्त्याला भलत्यांची नावा आली. माजा नाव हाय तो त्या वलनावर."

"पण बाहेरून का गेलात? सुचलं कसं?"

त्यांनी पावाचा शेवटचा तुकडा रश्शात बुडवला. "चल, उशीर होल."

प्राजक्ताही हेच सांगायची. ब्रेक, हात, नजर, सगळं तासन् तास शिकवतील. वळणाबद्दल विचारलं की विषय बदलतील. थोरांची लहर असते, असं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

शहाडचा पूल ओलांडला की पुढचा रस्ता अर्धा काँक्रीटचा, अर्धा खड्ड्यांचा. टिटवाळ्यात रविवारी गणपतीच्या देवळाला गर्दी असते, तेव्हा गावात न शिरता बाहेरून जा. ट्रॅकवर प्रवेशाला पैसे नाहीत, पार्किंगचे पन्नास घेतात, आणि पाणी मात्र घरून न्या. आम्ही पोचलो तेव्हा शेतावर धुळीचा ढग होता. दादांना बघून पोरं धावत आली. पाया पडली, त्यांना गाडीसकट बोर्डापर्यंत नेलं, खिडकीतून फोटो काढले. पत्र्याच्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत 'बाळाराम वळण'. दादा फोटोत ताठ बसले होते. मला त्यांचा हेवा वाटला, खरंच. आपल्या नावाचं आपल्याकडे काय असतं? गॅसचं कनेक्शन.

शर्यत अशी असते: एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी सामना. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. आम्ही वळणाच्या कडेलाच गाडी लावून बसलो. पहिल्या फेऱ्या सुरू झाल्या. एकामागून एक गाडी यायची, उंबराकडे झेपावायची, माती उडवत झाडाला जवळपास घासून आत वळायची. अंगावर काटा यायचा. प्राजक्ताही तशीच गेली, अगदी हुबेहूब, आणि मी शिट्ट्या मारून, ओरडून घसा बसवून घेतला. फेऱ्या संपल्या तेव्हा ती पाचवी होती.

दादांनी एकदाही टाळी वाजवली नव्हती. मी थेंब घालायला बाटली काढली तर ते दार उघडून उतरलेले.

"दादा, वहिनींना शब्द दिलाय मी."

"तू दिलास. मी नाय दिला."

मधल्या सुट्टीत ट्रॅक रिकामा होता. दादा अनवाणी त्या वळणावर चालत निघाले, पण बाहेरच्या कडेने नाही, आतल्या. तिथून कुणीच जात नसल्यामुळे माती भुसभुशीत पसरलेली. एक पाऊल टाकायचे, टाच दाबायचे, थांबायचे. पुन्हा पुढे. एका जागी त्यांनी अंगठ्याने वरची माती सारली, पाय रोवला, आणि मग बराच वेळ तिथेच उभे राहिले, पाटीकडे बघत. मी मागे बाटली घेऊन उभा होतो. काहीतरी चाललंय एवढं मला कळत होतं.

"पोरीला बोलव," ते म्हणाले.

प्राजक्ता हेल्मेट हातात घेऊन आली. चेहरा पडलेला.

"दादा, मी अजून बाहेर नेऊ का? झाडाच्या अजून जवळ?"

"नको गो. ऐक आता. त्या वरशी माज्या गारीचा दुसरा गेर टिकत नवता. टाकला का निसटायचा. वलन तिसऱ्यात मारायला लागला. आतून जायला वेग कमी करायला लागतो, तिसऱ्यात गारी मेली असती, म्हनून बाहेरून मोटा वलसा घेतला. बस. एवराच."

प्राजक्ताला काही क्षण कळेचना. "म्हणजे हे सगळे..."

"ह्या सगल्यांचा दुसरा गेर चांगला हाय."

मला हसू फुटलं, आणि ते तिथल्या तिथे जिरलं, कारण दादा हसत नव्हते. इतकी वर्षं चांगल्या धडधाकट गाड्या घेऊन येणारी पोरं एका बिघडलेल्या गिअरची भक्तिभावाने नक्कल करत होती.

"आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा होता. "मी दोन वर्षं विचारतेय तुम्हाला."

"नाव परला ना माजा तिथं. लोक पाया परतात. म्हटला, ऱ्हाऊदे." ते पाटीकडे न बघता बोलत होते. "तू आतून गेलीस का उद्या सगले आतून जातील. मग माजा नाव कशाला ऱ्हातंय? पन तू पाचवी आलीस गो. माज्या गेरापायी."

मग त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि माती बाजूला केली. "हात लाव. कडक लागतो? हतं शेताचा जुना बांद होता, सपाट केलान. वरची माती फसवी, खाली दगड हाय. ब्रेक आदी संपव, वलनात ब्रेक नको. दुसऱ्यात घे आनि गारीला बांदावर बसूदे. बसली का तुना खालून कललं. मग सोड."

ती उठली, स्वतः बूट काढले आणि ते वळण दोनदा अनवाणी चालली.

दुसऱ्या फेरीत तिचा नंबर लवकर होता. तिची गाडी सरळ पट्ट्यावर दिसली आणि सगळ्यांच्या माना सवयीने उंबराकडे वळल्या. ती उंबराकडे गेलीच नाही. ब्रेकचे दिवे इतक्या आधी लागले की शेजारचा एक जण "गेली ही" असं पुटपुटला. मग गाडी आत वळली, मागचं अंग किंचित सरकलं, आणि जमिनीत रुतून बसल्यासारखी ती त्या अदृश्य बांधावर टेकली. पुढच्या क्षणी ती वळणाबाहेर होती. धूळ जवळपास उडालीच नाही. इतक्या शांतपणे एखादी गोष्ट इतक्या वेगात जाताना मी कधी पाहिली नव्हती. मी शिट्टी मारायची विसरलो. दादांनी माझा दंड घट्ट धरला होता. माइकवाल्याने तिची वेळ वाचली: ती दुसरी होती.

पण अजून बरेच जण बाकी होते आणि आता त्यांना रहस्य कळलं होतं. पुढचे तिघे आतून आले. दोघांनी ब्रेक मात्र नेहमीच्या जागी मारला, वळणाच्या पोटात, आणि भुसभुशीत मातीवरून घसरत टायरांच्या भिंतीत जाऊन बसले. तिसऱ्याला जमलं, प्राजक्ता तिसरी झाली. त्यानंतरची प्रत्येक गाडी मी डोळे मिटून काढली. दादा एकेकाचं चाक बघून आधीच सांगत होते, "हा जात नाय. हा पन नाय." शेवटची गाडी गेली आणि प्राजक्ता तिसरीच राहिली. पुण्याच्या टीमची गाडी तिला मिळाली.

ती धावत आली आणि दादांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मध्येच धरलं. "माती लागली कपालाला," म्हणाले, आणि आपल्या पंच्याने तिचं कपाळ पुसलं. मग आम्ही तिघांनी गाडीच्या बॉनेटवर वहिनींचा डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकट. यापेक्षा चांगलं जेवण मला आठवत नाही, आणि मी जेवणं आठवणीत ठेवणारा माणूस आहे.

परतीच्या रस्त्यावर शहाडला मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"सकाली वाटला, बोललो तर लय दुखंल." ते खिडकीबाहेर बघत होते. "दुखला थोरा. पन पोरगी बांदावर बसली तवा जसा वाटला ना, तसा मना बोरड लावला तवापन नाय वाटला."

घरी पोचल्यावर वहिनींनी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बाटली परत केली. ती जवळपास भरलेलीच होती, आणि त्यावर मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. दादांनी त्यात एका शब्दानेही माझी बाजू घेतली नाही.

मी त्या दिवशी वेग बघायला गेलो होतो. तो पाहिलाही. पण डोळ्यांसमोर राहिलाय तो एक म्हातारा माणूस, स्वतःच्या नावाच्या वळणावर अनवाणी, ते वळण आयुष्यात पहिल्यांदा बघत असल्यासारखा. इतकी वर्षं त्याचे भक्त झाडाकडे बघत होते. तो एकटा जमिनीकडे बघत होता. मला वाटतं, घाटातल्या धुक्यातही त्याने हेच केलं असणार.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो. गल्लीच्या डाव्या वळणावर हात आपोआप लांबचा वळसा घ्यायला लागले, आणि मी गाडी थांबवली. उतरलो. कोपऱ्यावर पूर्वी पाइपलाइनसाठी खणलेला खड्डा होता, म्हणून आम्ही सगळे लांबून जायचो. खड्डा कधीच बुजलाय. वर पेव्हर ब्लॉक बसलेत, त्यांच्या फटींत गवतही आलंय. मी त्यावर उभा राहून टाच दाबून बघितली. मग गाडीत बसलो आणि आतून वळलो. समोरून दूधवाला येत होता. शिवी तोंडात तयार ठेवून तो बिचारा तसाच पुढे गेला.