दुसरी ओळ आपली

आई गेली त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी नऊ वाजता हॉस्पिटलमधून वडिलांचा फोन आला. मी वाचनालयाचं कुलूप काढत होते. ते पुन्हा लावलं आणि रिक्षा केली.

गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला आमचा मळा. झेंडू, शेवंती, थोडी गुलछडी. आता त्यातले दहा गुंठे उरलेत, बाकी इमारती उभ्या राहिल्या. आईचं आयुष्य फुलं तोडण्यात आणि ओवण्यात गेलं. पण आसपासच्या वस्त्यांत तिला बायका ओळखायच्या ते उखाण्यांसाठी. लग्न ठरलेली मुलगी हळदीच्या दोन-चार दिवस आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. आई सुई न थांबवता विचारायची, "लग्नानंतर कोणती एक गोष्ट सोडायची नाही, ते सांग."

"काही नाही हो मावशी, ह्यांचं नाव यमकात बसवा म्हणजे झालं."

"नाव बसतंच गं. नवऱ्याचं नाव कुठंबी बसतं. तुझं काय बसवायचं ते बोल."

मग मुलगी हळूहळू बोलायची. कुणाला अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायचं असायचं. कुणाला आजारी आईकडे महिन्यातून एकदा जायचं असायचं. आई तेवढी एकच गोष्ट उचलायची. तिचा नियम होता : पहिली ओळ लोकांची, दुसरी आपली. पहिलीत वेल, फूल, डोंगर काय हवं ते घाला, दुसरीत मात्र कामाचं बोला. भर मांडवात मुलगी नाव घ्यायची, सासर-माहेरची माणसं टाळ्या वाजवायची. आईच्या लेखी तिथे करार पुरा व्हायचा. "शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे कबूल केलं," ती म्हणायची. "उद्या नाही म्हणाले तर विचारायचं, मग हात कशाला दुखवले?"

सगळ्याच टाळ्या पाळल्या गेल्या नाहीत. एक मुलगी वर्षाच्या आत माहेरी परतली. तेव्हा आईने चार दिवस कुणाला उखाणा करून दिला नाही.

मला हे सारं तेव्हा जुनाट वाटायचं. मी मराठीत एम.ए. केलेलं. वाचनालयात मी स्त्रियांच्या कवितांचं वेगळं कपाट मांडलं होतं. आपल्याकडच्या आणि शेजारच्या देशांतल्याही, अनुवादातून आलेल्या. बायकांनी काय सोसलं आणि कशाची वाट पाहिली, त्यावर मी बोलायचे. एका महिला दिनाला कवितावाचन ठेवलं. आई शेवटच्या रांगेत बसली होती. घरी येताना म्हणाली, "छान होतं. बाया लय मनापासून बोलल्या. पण टाळ्या वाजवणाऱ्यांनी कबूल काय केलं?"

मी हसले होते. माझ्या लग्नाआधी तिने मलाही विचारलं होतं, कोणती गोष्ट सोडायची नाही, आणि मी म्हणाले होते, "आई, मला उखाणा नको. आम्ही असलं काही करणार नाही आहोत." तिने सुईत दोरा ओवला आणि विषय संपला.

ती गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं, की तिचा एकही उखाणा माझ्याकडे नाही. ती लिहून ठेवत नसे. एकीचा उखाणा दुसरीला सांगत नसे, मलाही नाही. "तो तिचा हाय," एवढंच म्हणायची. म्हणजे जे काही होतं ते लग्न होऊन चांदवडला, वणीला, सिन्नरला गेलेल्या बायकांच्या तोंडात होतं. त्या आता भेटायला येत होत्या. तेराव्यानंतर त्या येणार नव्हत्या, आणि त्यांचे पत्तेही मला माहीत नव्हते.

सातव्या दिवशी एका दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. बसल्या, पाणी घेतलं, म्हणाल्या, "मावशींनी केलेला माझा उखाणा अजून पाठ आहे मला."

मी वही ओढली. "सांगा ना."

त्यांनी तोंड उघडलं आणि स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, दहा दिवस आमच्याकडेच होती. "अगं बये! सुतकाच्या घरात नवऱ्याचं नाव घेतंय का कुणी? उद्या काही इपरीत झालं तर कुणाला बोल लावायचा?"

सिस्टरनी पाण्याचा पेला खाली ठेवला. थोड्या वेळाने उठून गेल्या. मी उघडी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी वणीहून एक शिंपीणबाई यायच्या होत्या. मी सकाळीच आत्याजवळ जाऊन बसले. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "आत्या, तिनं केलेलं सगळं या बायकांबरोबर निघून चाललंय. मग माझ्याकडे तिचं काहीच राहणार नाही."

"तुला हवं हाय आता? तुझ्या लग्नात तर नको झालं होतं."

आत्याने दोन खडे काढून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "मग आधी तिचाच लिहून घे. तिच्या लग्नात मी करवली होते. माझ्या भावाचं नाव घ्यायला मला दोष नाय, पण घेत नाय. घरात दिवस वाईट हायेत. नावाच्या जागी थांबते."

आणि ती तांदळाकडे बघत म्हणाली :

"आकाशाच्या पाटीवर चांदण्यांची रांग,
…रावांना विचारते, काय लिहिलंय सांग."

वडील खाटेवर पडून होते. ते उठून बसले.

"लोकांनी मांडव डोक्यावर घेतला," आत्या म्हणाली. "आणि हा! हा काय म्हणाला माहितीय? म्हणे, 'प्रेम लिहिलंय.' बाया पदर तोंडाला लावून हसल्या."

"मग काय म्हणायचं होतं?" वडील म्हणाले.

"अरे दादा, तिला बाराखडी शिकायची होती. तुला म्हणत होती, मला वाचायला शिकव. फुलं तोडताना कितीदा तरी सांगितलं मला तिनं. 'आडून बोलले, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणाला कळलं नाही,' म्हणायची."

वडील एवढंच म्हणाले, "सरळ बोलली असती तर शिकवलं असतं गं मी."

"म्हणून तर पुढं सगळ्या पोरींना सरळ बोलायला लावलं तिनं."

मला पहिलीतलं माझं पुस्तक आठवलं. आई मला प्रत्येक धडा दोनदा मोठ्याने वाचायला लावायची. ओल्या बोटाला झेंडूचा पिवळा रंग असायचा, आणि ते बोट माझ्या शब्दांखालून सरकत जायचं. मला वाटायचं, ती माझी परीक्षा घेते आहे.

दुपारी शिंपीणबाई आल्या. आत्यानेच त्यांना सांगितलं, "नाव गाळून म्हण. नाव गाळलं की तो उखाणा नाय राहत, निस्ती कविता होती. कवितेला सुतक नाय."

"वणीच्या गडाच्या पायऱ्या मोजू किती,
…रावांच्या घरी येते, शिलाई मशीन संगती."

"मग नेऊ दिली मशीन?" मी विचारलं.

"सासूबाई आडव्या आल्या होत्या. आमच्या चुलत सासूच म्हणाल्या, टाळ्या वाजवताना झोपली होतीस का? आता पाच मशिनी आहेत. सासूबाई काज-बटण करतात." त्या हसल्या, आणि हसल्या म्हणून घाबरून आईच्या फोटोकडे बघितलं. आत्याही हसत होती.

संध्याकाळी मी सिस्टरना परत बोलावलं. त्या ड्यूटीवरून तशाच आल्या.

"दारात लावीन जाई, अंगणात वेल,
…रावांच्या घरून नर्सिंगचं वर्ष पुरं होईल."

त्यांच्यानंतर बायका एकमेकींना फोन करत गेल्या. तेराव्यापर्यंत रोज सहा-सात जणी यायच्या. काहींचे नवरे आता नाहीत, काहींनी नवरा सोडला. त्यांनाही नावाच्या जागी थांबणं सोपं गेलं. इतकी वर्षं मी कपाटातल्या कवितांवर बोलत होते. आमच्या ओट्यावर कविता होत होती आणि ती मांडवात जाऊन काम करून येत होती. माझ्या आईने ती केली, हे मी आता वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

ती वही त्याच कपाटात ठेवली आहे. तिच्यात सदतीस उखाणे आहेत. आईचा पहिल्या पानावर आहे. नावाच्या जागा रिकाम्या आहेत. माझा उखाणा तिच्यात नाही.