तिच्या नावाचे माझे बोट

माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेने दीड वर्ष दुसऱ्या एका बाईच्या नावाने हजेरी लावली. आज हे वाक्य मी सरळ लिहू शकतो. तेव्हा ते तोंडातून काढायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत त्या बाईला घरी बसावे लागले.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात, एका खासगी संस्थेची आश्रमशाळा होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लिपिक म्हणून लागलो. घर वारूळवाडीला. सोमवारी पहाटेच्या गाडीने निघायचे, मंचर, घोडेगाव करीत शाळा गाठायची आणि शनिवारी दुपारी परतायचे. शाळेत स्वयंपाकाला आणि वरकामाला तीन बाया होत्या. त्यांच्या पदाला कामाठी म्हणत. त्यांतली एक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी होती. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी. मुले तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ती मला भाऊसाहेब म्हणे.

भाकरी उलटायला ती उलथने वापरीत नसे. तव्यावरची भाकरी दहाही बोटांनी उचलायची, उलटायची आणि हात झटकून पुढची थापायला घ्यायची. एकदा मी तिला उलथन्याबद्दल विचारले तर म्हणाली, "भाऊसाहेब, उलथन्यानं तिला भोक पडतं. पोरांच्या ताटात फाटकी भाकर वाढू व्हय?"

तिला सही येत नव्हती. रोज सकाळी ती कार्यालयाच्या दारात येई. मी शाईचा पॅड पुढे सरकवी, तिचा डावा अंगठा धरून मस्टरच्या चौकटीत टेकवी आणि शेजारी तिचे नाव लिही. अंगठा गरम असे. चुलीपासून ती थेट आलेली असे. सुरुवातीच्या वर्षांच्या मस्टरांत तिच्या निशाणीत बारीक रेषा स्पष्ट दिसतात. पुढच्या वर्षांत त्या फिकट होत जातात, आणि शेवटी चौकटीत नुसता जांभळा डाग उरतो. ही मस्टरे माझ्याच कपाटात होती आणि ती निशाणी रोज माझ्याच हाताखाली उमटत होती. तरी तिच्या बोटांचे काय होत आहे, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

तिची एकच इच्छा होती. चौदा वर्षे ती मानधनावर होती; दर जूनमध्ये नवा आदेश निघे आणि दर एप्रिलमध्ये तो संपे. तिला कायम व्हायचे होते. "एकदा कायम झाले की मे महिन्यात बी मी शाळंचीच," असे ती म्हणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण कुणाच्याच नसतो, हे तिला लागत असावे.

दोन हजार सालानंतर सात-आठ वर्षांनी शाळेत बोट ओळखणारे यंत्र आले. संस्थेने कळवले की यापुढे मस्टर बंद. हजेरी यंत्राचीच धरली जाईल, आणि मानधनावरच्या ज्या कर्मचाऱ्यांची वर्षभराची यंत्रहजेरी पूर्ण भरेल त्यांना कायम करण्याचा विचार होईल. मावशीने त्या दिवशी लुगड्याच्या पदराला चारदा हात पुसले आणि रांगेत सर्वांत पुढे उभी राहिली.

त्या यंत्रात एका बाईचा इंग्रजी आवाज होता. बोट ओळखले की तो 'थँक यू' म्हणे, न ओळखले तर 'प्लीज ट्राय अगेन'. मुख्याध्यापकांना थँक यू मिळाले, शिक्षकांना मिळाले, मला मिळाले. मावशीचे एकेक बोट लावून झाले. दहाही बोटांना 'प्लीज ट्राय अगेन'.

मावशी यंत्राकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "ही कोण बया हाये वो? तुमाला समद्यांना थँकू म्हणती आन मला तेवढं 'अगं'! धा येळा 'अगं' म्हणाली."

सगळे हसले. तिच्या कानाला 'अगेन'चे 'अगं' झाले होते. ती मात्र हसली नाही. "इतकी वर्सं झाली मला हितं. पोरंसुदिक आवो-जावो करत्यात," ती म्हणाली, "आन ही कालची आलेली."

यंत्र बसवायला आलेल्या गृहस्थांनी तिचा तळवा उजेडात धरला आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, बोटांवर रेषाच नाहीत. तव्याने गेल्या. यंत्र तरी काय वाचणार?" त्यांना संध्याकाळच्या गाडीच्या आत पूर्ण यादी हवी होती. एक नाव रिकामे राहिले तर यादी संस्थेत पोहोचणार नव्हती, आणि रिकामे राहणारे नाव तिचेच होते. तेव्हा तिच्या क्रमांकापुढे मी माझी अनामिका ठेवली. यंत्र थँक यू म्हणाले.

मी ते दयेने केले, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. दया थोडी होतीच. पण मला मुख्याध्यापकांची कटकट नको होती, पत्रव्यवहार नको होता, 'या बाईची बोटे वाचली जात नाहीत, हिच्यासाठी मस्टर चालू ठेवावे' अशी चार ओळींची टिपणी लिहायचे कष्ट नको होते. ते माझे काम होते. अनामिका म्हणजे जिला नाव नाही ते बोट. मी तिला एक नाव देऊन टाकले, आणि ते जिचे होते तिला विचारलेसुद्धा नाही.

मावशीला मी एवढेच म्हणालो, "झाले तुमचे. आता यंत्राकडे येऊ नका, मी बघतो."

ती दारापर्यंत जाऊन वळली. "भाऊसाहेब, लावलेली बोटं त्या डबीतच ऱ्हात्यात का?"

"हो. सुरक्षित असतात."

"कुणी काढून न्हेली तर?"

"कोण नेणार?" मी म्हणालो. त्या डबीतले काय कुठे जाते, कोण पाहते, किती वर्षे राहते, यांतले मला काहीही ठाऊक नव्हते. तिने विचारलेला प्रश्न त्या सबंध शाळेत दुसऱ्या कुणालाही सुचला नव्हता, आणि मी तो हसण्यावारी नेला.

त्यानंतर रोज सकाळी मी आधी माझी तर्जनी लावी, मग तिच्या नावाने अनामिका. काही दिवस आधी दाराकडे बघून घेई. पुढे सवय झाली. सवय झाल्यावर त्यात चूक दिसेनाशी झाली. वर्षाची हजेरी पूर्ण भरली, तिचे नाव कायम करण्याच्या प्रस्तावात गेले, आणि ते कळले तेव्हा तिने मला चुलीवरची पहिली भाकरी तुपाचे बोट लावून दिली. मी ती खाल्ली.

मग एका सोमवारी, वारूळवाडीहून आल्या आल्या, पिशवीही खाली न ठेवता मी दोन्ही बोटे लावली आणि टपाल उघडून बसलो. आदल्या रात्री तिच्या मुलीला घाटघरला कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता. मुख्याध्यापक सुट्टीवर होते. दुसऱ्या कामाठीला सांगून मावशी पहाटेच निघून गेली होती. मला हे ठाऊक नव्हते. मी स्वयंपाकघरात डोकावलो असतो तर कळले असते.

त्याच दिवशी घोडेगावहून संस्थेचे सचिव तपासणीला आले. यंत्राच्या हजेरीत मावशी हजर; तव्यावर दुसरीच बाई. गुरुवारी मावशी परतली तेव्हा त्यांनी पुन्हा येऊन तिला कार्यालयात बोलावले. मी टेबलाशी होतो.

"तुमच्या नावाने बोट कोणी लावले?" सचिवांनी विचारले.

"पयल्या दिसानंतर मी त्या डबीला कंदी हातच लावला न्हाई, साहेब."

"म्हणजे दीड वर्ष तुम्ही आलाच नाहीत?"

"आल्ये की. रोज आल्ये. पोरांना इचारा."

"मग बोट कोणाचे?"

तिने माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही, हे मला समजले. ती म्हणाली, "मला काय ठावं? ती बया मला वळखतच न्हाई." सचिवांना तो उद्धटपणा वाटला. चौकशी होईपर्यंत तिने घरी थांबावे, प्रस्तावातून तिचे नाव काढावे, असे त्यांनी मलाच लिहून घ्यायला सांगितले. मी लिहिले. अक्षर चांगले आले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज बोलायचे ठरवले आणि रोज उद्यावर टाकले. तव्यावर बसलेल्या नव्या बाईने उलथने आणले होते. चौथ्या रविवारी मी वारूळवाडीहून जुन्नर गाठले आणि तिथून घाटघरची गाडी धरली; मावशी बाळंतिणीजवळच राहायला गेली होती.

मुलीच्या घरी मावशी ओसरीवर पाय लांब करून बसली होती आणि पायांवर नातीला उताणी घालून तेल लावत होती. मी उभ्यानेच सगळे सांगून टाकले. ती बोटे फिरवत राहिली.

मुलगी आतून म्हणाली, "आईची हजेरी लावता नव्हं भाऊसाहेब? मग आता बसा, पोरीला न्हाऊ बी तुमीच घाला."

"गप गं," मावशी म्हणाली. मग मला, "बसा. मला ठावं व्हतं."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं. तुमी दोनदा बोट लावता ते खिडकीतनं दिसायचं. म्हनलं, नवऱ्यानं बी माझ्यासाठी येवढं रोजच्या रोज काय केलं न्हाई."

"मग सचिवांना का नाही सांगितलेत?"

"तुमची दोन पोरं शाळेत हायेत. मी सांगितलं असतं तर तुमी बसला असता घरी." तिने नातीला उचलून खांद्यावर घेतले. "पर भाऊसाहेब, आता सांगत्ये. मला कायम व्हायचंय ते माझ्या नावानं. तुमच्या बोटानं नको. उद्या तुमची बदली झाली की मी काय मेले का?"

दुसऱ्या दिवशी मी घोडेगावला उतरलो आणि सचिवांपुढे लेखी कबुली ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "तुम्ही? मला वाटले तिनेच कुणाला तरी पटवले असेल." हे वाक्य मला शिक्षेपेक्षा जास्त लागले. शिक्षा साधी होती: एक वेतनवाढ बंद, आणि वर्षअखेर दुसऱ्या शाळेत बदली.

आणखी तीन आठवड्यांनी सचिव यंत्रवाल्या गृहस्थांना घेऊन शाळेत आले. मावशीलाही बोलावून घेतले होते. सगळ्यांसमोर मी अनामिका लावली आणि पडद्यावर मावशीचे नाव उमटले. मी ते बोट पुसून टाकायला सांगितले. गृहस्थांनी दोन कळा दाबल्या. "गेले," ते म्हणाले. दुसरीकडे कुठे नक्कल राहते का, असे मी विचारले. या वेळी मी हसलो नाही. "खरे सांगू साहेब? मला माहीत नाही," ते म्हणाले. तेही मी टिपणीत लिहिले. तिच्याखाली ती चार ओळींची दुसरी टिपणी लिहिली: ज्यांची बोटे वाचली जात नाहीत त्यांच्यासाठी मस्टर चालू ठेवावे. सचिवांनी त्यावर सही केली आणि प्रस्तावात तिचे नाव पुन्हा घालायला सांगितले.

"आता आल्याच आहेत तर त्यांचेही एकदा लावून बघू," गृहस्थ म्हणाले.

मावशीने उजवी तर्जनी ठेवली. यंत्र क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'थँक यू.'

तिने बोट उचलून डोळ्यांजवळ धरले. मीही वाकून पाहिले. रेषा होत्या: बारीक, नव्या, तेलाने मऊ झालेल्या. सहा आठवडे त्या बोटांना तवा लागला नव्हता. त्यांनी फक्त एक तान्हे मूल चोळले होते. ते सहा आठवडे तिला माझ्या गप्प राहण्यामुळे मिळाले होते, आणि ते तिला सांगितल्याशिवाय मला राहवले नाही.

"असं व्हय?" मावशी म्हणाली. "मग आजून दोन म्हैनं गप बसायचं की, राव. तोंडावरच्या सुरकुत्या बी गेल्या असत्या!" आणि पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की सचिवांनाही हसू आवरेना.

महिन्याभरात तव्याने त्या रेषा पुन्हा नेल्या. ती परत मस्टरवर अंगठा लावू लागली. पुढच्या मार्चमध्ये तिच्या कायमपणाचा आदेश निघाला, तेव्हा माझी बदली होऊन गेली होती. नव्या शाळेत तिने निरोप पाठवला, तो गाडीच्या वाहकाने जसाच्या तसा सांगितला: "मावशीनं सांगितलंय, यंदा मे महिन्यात ती शाळंचीच हाये. भाकर खायला या म्हणती."

मी गेलो. शाळा रिकामी होती. ती व्हरांड्यात एकटी बसून पुढच्या वर्षाचे तांदूळ निवडत होती.