शौर्यकोपऱ्याची चाळीस पुस्तकं

आमच्या आत्याला घरी ‘अगं आत्या’ म्हणायचं आणि शाळेत ‘अहो बाई’. मधे फक्त एक रस्ता. रस्त्याच्या अलीकडे ती माझी वेणी ओढते, पलीकडे मी ‘बाई, मुदत वाढवून मिळेल का?’ विचारते आणि ती चष्म्यावरून बघत ‘आधी हे पान कुणी दुमडलं ते सांग’ म्हणते. दोन्हीकडे तीच बाई, पण शाळेत तिचा आवाज इस्त्री केल्यासारखा येतो.

एकतीस वर्षं ती ग्रंथपाल आहे. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची लांबट खोली, अकरा कपाटं, आणि सायकलींकडे उघडणारी एक खिडकी. चौथ्या कपाटाचं दार गुडघ्याने रेटल्याशिवाय लागत नाही. मधली सुट्टी झाली की डोक्यावरून सहाशे पोरं धडधडत उतरतात आणि वरच्या फळीवरची धूळ खालच्या फळीवर येते. आत्या ती पुसते. पोरं पुन्हा चढतात.

तिचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका, तिच्याकडेच असतो. खालच्या दोन खोल्यांत ती दोघं, वरच्या मजल्यावर आम्ही. काका सैन्यात होते. कुणी कौतुकाने विचारलं, ‘कुठे लढलात?’ की ते सांगतात, ‘स्वयंपाकघरात.’ खरंच आचारी होते ते. पण स्फोट आचाऱ्याला ओळखत नाही. डावा कान तिथेच राहिला आणि दोन्ही हात थरथरायला लागले. पाणी दिलं की म्हणतात, ‘अर्धाच पेला दे गं. उरलेला मी सांडणारच आहे.’

काका आमच्याच शाळेत शिकले. पंधराव्या वर्षी त्यांनी सात नंबरच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक घरी नेलं. पानोपानी घोडे, झेंडे, तलवारी. ते तीनदा वाचलं आणि सतराव्या वर्षी भरती झाले. आत्या तेव्हा दहा वर्षांची. ‘दादा त्या कपाटातून गेला,’ असं ती अजून म्हणते, जणू त्या कपाटाला मागे दार आहे. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने ते पुस्तक शोधलं, तर वाळवीने आधीच खाऊन टाकलेलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा काका म्हणाले, ‘वाळवीला तरी अक्कल.’

यंदा आत्याचं शेवटचं वर्ष. सत्र सुरू झालं आणि हेडसर ग्रंथालयात उतरले. हेडसर प्रत्येक वाक्य ‘तर मुद्दा असा’ने सुरू करतात, आणि मुद्दा वाटेत कुठेतरी उतरून जातो.

‘बाई, आपल्याला शौर्यकोपरा करायचा आहे. तर मुद्दा असा की कोपरा आपल्याकडे आहे, शौर्य तेवढं आणायचं आहे. चाळीस पुस्तकं. लष्करी इतिहास. मुलांना पेटवणारी.’

‘ग्रंथालय जिन्याखाली आहे, सर. पेटवायला नको.’

‘हा हा. निवड तुमची. तर मुद्दा असा की मी त्यात पडणार नाही.’

‘निवड तुमची’ हे शब्द आत्याने एकतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले. आजवर पुस्तकं दुसरंच कुणीतरी ठरवायचं; ती सुतळी बांधून यायची आणि तिच्या हातात फक्त नको ती परत करणं असायचं. त्या दिवशी रस्ता ओलांडताना ती दोन्हीकडे बघायलाही विसरली. घरी आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, ‘दादा, युद्धाची पुस्तकं मी निवडायची आहेत.’

‘कोणतं युद्ध?’

‘सगळी. कुणी जिंकलं ते सांगू देत की. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं तेही सांगणारी पाहिजेत. एखाद्या पोराला जायचं तर जाऊ दे. पण वाचून जाऊ दे.’

काकांनी उजवा कान पुढे केला होता. ‘हं,’ म्हणाले. ‘बघ मिळाली तर.’

पुस्तकं आणली ती विक्रेत्याने. आम्ही त्याला सवलतराव म्हणतो, कारण तो ‘नमस्कार’ही सवलतीत दिल्यासारखा करतो. ‘मॅडम, चाळीस नग पसंतीसाठी ठेवतो. आवडली तर तुमची, नाही आवडली तर आमची. तुमच्यासाठी खास.’ सोबत एक गुलाबी चिठ्ठी होती. तीस दिवसांत परत न आलेली पुस्तकं विकत घेतली असं धरलं जाईल. आत्याने ती वाचली, सही केली आणि घरी आणून टाचणीने भिंतीला लावली. तिला माहीत नव्हतं असं नाही. पण दरवर्षी सवलतराव महिन्याचे दोन महिने करून यायचा, चहा प्यायचा आणि नको असलेली पुस्तकं गुपचूप पिशवीत भरून न्यायचा. तीस दिवस म्हणजे साठ, असा हिशेब तिच्या हाडात मुरलेला.

त्यात आत्याचा एक नियम. शेवटचं पान वाचल्याशिवाय पुस्तक नाकारायचं नाही. नाकारलेल्या पुस्तकांची तिची वेगळी वही आहे, त्यात पान क्रमांकासकट कारण लिहिलेलं असतं. पूर्वी वर्षाला आठदहा पुस्तकं यायची, तेव्हा हे चालायचं. आता चाळीस आली होती, एकेक विटेएवढी.

शाळा सुटली की घरी खिडकीजवळच्या टेबलावर वाचन सुरू. आत्या मोठ्याने वाचायची, काका भाजी निवडत ऐकायचे.

‘आगेकूच अकरा दिवस अखंड चालू होती,’ आत्या वाचायची.

‘थांब. जेवले कधी?’

‘लिहिलेलं नाही.’

‘अकरा दिवस?’

‘रक्त सळसळत होतं असं आहे.’

‘रक्तात बटाटे नसतात. पुढे वाच.’

आणखी एका पुस्तकात तीनशे पानांत एकाही माणसाला आडोशाला जावं लागत नव्हतं. काका म्हणाले, ‘धन्य ते सैन्य. आमच्याकडे अर्धं युद्ध त्यातच गेलं.’ एकात सेनापती टेकडीवरून हात उंचावतो आणि दहा हजार माणसं एकदम धावतात. काकांनी विचारलं, ‘मागच्यांना दिसला का हात?’ आत्या हसत हसत वहीत लिहायची: पान एकशे चार, मागच्यांना हात दिसला का?

पंधराव्या दिवशी सतरा पुस्तकं झाली होती. काका म्हणाले, ‘अगं, शितावरून भाताची परीक्षा होते. तू अख्खं पातेलं संपवत बसलीस.’

‘तुझ्या भाताला शेवटचा धडा नसतो.’

आणि तिचं अगदीच खोटं नव्हतं. एका भडक पुस्तकाच्या शेवटच्या धड्यात एक घोडा तहानेने मरतो, आणि त्याचा स्वार त्याच्याशेजारी नुसता बसून राहतो. दोन परिच्छेद, पण खरे. त्या दोन परिच्छेदांसाठी आधीची दोनशे बारा पानं पोरांच्या गळी उतरवायची का, यावर आत्याने पूर्ण दोन दिवस घालवले. शेवटी नाकारलं. पण दोन दिवस गेले.

मग तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. पट्टी बांधलेली असताना मी वाचून दाखवायची. एकदा अख्खी लढाई मी सवलतरावाच्या आवाजात वाचली, ‘शत्रूचे चार हजार नग, मॅडम, एकाच सकाळी, तुमच्यासाठी खास’, तेव्हा काकांच्या हातून शेंगांचं ताट पडलं. आत्याही हसली, पण लगेच म्हणाली, ‘नीट वाच. वाईट लिहिलं असलं तरी त्याने बसून लिहिलंय.’

याच दिवसांत तिला ते बारीक पुस्तक सापडलं. सवलतरावाच्या ढिगातलं नव्हतं. एका छोट्या प्रकाशकाला पत्र पाठवून तिने स्वतःसाठी मागवलेलं. ब्याण्णव पानं, चित्र एक नाही, मुखपृष्ठ भांडी धुतलेल्या पाण्याच्या रंगाचं. जखमींची स्ट्रेचर उचलणाऱ्या एका माणसाने लिहिलेलं. ते वाचताना काकांनी एकदाही ‘थांब’ म्हटलं नाही. एकतिसाव्या पानावर तो आणि त्याचा जोडीदार स्ट्रेचर खाली ठेवतात, कारण वरचा माणूस वाटेतच संपलेला असतो. मग त्यांना कळत नाही की पुढे जायचं की परत फिरायचं, आणि दोघं आधी थोडं पाणी पितात.

काकांनी हातातली शेंग ताटात ठेवली. मग म्हणाले, ‘हा होता तिथे.’

आत्याने ठरवलं, याच्या दहा प्रती. अशीच आणखी शोधायची, आणि सवलतरावाची जी बरी निघतील ती ठेवायची. त्या रात्रीच्या जेवणाला तिने आम्हालाही खाली बोलावलं. पट्टी डोळ्यावर असूनही सगळ्यांना तीच वाढत होती.

चाळिसावं पुस्तक चौतिसाव्या दिवशी संपलं. सदतीस नाकारलेली. आत्याने सवलतरावाला फोन लावला, ‘पिशवी घेऊन या’ म्हणायला. तो काय बोलला ते शेजारी उभ्या असलेल्या मलाही स्वच्छ ऐकू आलं.

‘मॅडम, अभिनंदन. चाळीसच्या चाळीस. आजवर कुठल्या शाळेने घेतली नाहीत.’

‘घेतली नाहीत. सदतीस परत करायची आहेत.’

‘तीस दिवस उलटले, मॅडम. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. तिसाव्या दिवशी संध्याकाळी तो आपोआप पक्की करतो. माझ्या हातात असतं तर तुम्हाला नाही म्हटलं असतं का?’

‘दरवर्षी तुम्ही...’

‘दरवर्षी मी होतो, मॅडम. यंदा तो आहे.’

फोन ठेवून आत्या भिंतीवरच्या गुलाबी चिठ्ठीकडे बघत राहिली. काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता भात आणि शीत येणार. पण त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि नुसतंच पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी ती हेडसरांकडे गेली. वही घेऊन.

‘सर, ही पुस्तकं मी नाकारलेली आहेत. चुकून खरेदी झाली. चूक माझी आहे.’

‘तर मुद्दा असा, बाई, की चाळीस हवी होती, चाळीस आली. चूक कुठे आहे?’

‘ती खोटी आहेत, सर. मी प्रत्येकाचं कारण लिहिलंय.’

‘म्हणजे तुम्ही सगळी वाचलीत?’

‘शेवटच्या पानापर्यंत.’

हेडसर खुर्चीत सरळ झाले. ‘सगळी? बघा बघा. असा ग्रंथपाल कुठे मिळतो. तर मुद्दा असा की हे आपण बोर्डावरच लिहू. सर्व पुस्तकं ग्रंथपालांनी स्वतः वाचून तपासलेली.’

आत्याने मग ते बारीक पुस्तक पुढे केलं. निदान हे एक माझ्याकडून भेट म्हणून ठेवू द्या, म्हणाली. हेडसरांनी अंगठ्याने पानं फर्रकन सोडली. ‘चित्रं नाहीत यात. आणि हा माणूस लढत का नाही?’

‘तो जखमींना उचलतो, सर.’

‘तेच म्हणतो मी. भेटीची पुस्तकं समितीपुढे ठेवावी लागतात. समिती आता पुढच्या सत्रात. ठेवा, तुमच्या जागी जे येतील ते बघतील.’

तिच्या जागी कुणी येणार नव्हतं. ते पद रद्द होणार आणि किल्ल्या शिपायाकडे जाणार, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. हेडसरांनाही.

आठवडाभर आत्याने शिक्के मारले. प्रत्येक पुस्तकाला तीन: पहिल्या पानावर, सतराव्या पानावर, शेवटच्या पानावर. मग आतल्या खिशात कार्ड. सदतीस पुस्तकांची कार्डं तिने इतक्या सुंदर अक्षरात लिहिली की मला राग आला.

‘वाकडंतिकडं लिही की,’ मी म्हटलं.

‘शोधायचं तर सापडलं पाहिजे,’ ती म्हणाली.

घरी काका दोन दिवस काही तरी घोळवत होते. शेवटी भाजी बाजूला सारून बोलले, ‘मला काही पुस्तकाने नेलं नव्हतं गं. उगाच कपाटाला दोष देतेस.’

‘मग कशाने नेलं?’

काकांनी आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, हात ताटाच्या कडेवर टकटकत राहिला. ‘आता नाही सांगता येत,’ म्हणाले. एवढी वर्षं निदान एक कारण होतं, तेही गेलं.

शौर्यकोपरा सोमवारी उघडला. सातव्या कपाटाची दारं काढून टाकली होती आणि वर बोर्ड होता, आत्याच्या कौतुकाचा. पाठांतराच्या तासाला एक बाई खास खाली येऊन म्हणाल्या, ‘कित्ती मेहनत घेतलीत हो.’ पहिल्याच तासात चाळीसपैकी अडतीस पुस्तकं गेली. पोरं रांगेतच पानं उलटत होती. ‘ए, हा बघ, एकट्याने शंभर,’ ‘अरे त्याला मरायलाच येत नाही.’ आत्या तारखेचा शिक्का मारत होती आणि प्रत्येकाला म्हणत होती, ‘शेवटच्या धड्यात एक घोडा आहे, तो वाच’ किंवा ‘यात कुणी जेवत नाही, लक्षात ठेव.’ पोरं ‘हो बाई’ म्हणत होती. तशीच, जशी मी म्हणते.

मंगळवारी सहावीचा एक जण पुस्तक परत घेऊन आला. रात्रीत वाचून झालेलं.

‘बाई, याचा दुसरा भाग आहे का?’

‘आपल्याकडे नाही.’

‘मग मागता येतो का?’

मागता येतो. काउंटरवर मागणीची वही असते. पाच मुलांनी एकच पुस्तक मागितलं की शाळेला ते पुढच्या वर्षी घ्यावंच लागतं. आत्याने त्याला वही दिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथे नऊ नावं झाली. शेवटचा रकाना ‘ग्रंथपालाचं मत’ असा असतो. आत्याने नऊही जागी ‘घेऊ नये’ असं लिहिलं.

कारकून नोंदी न्यायला आला, त्याने वाचलं आणि मान हलवली. ‘बाई, पाचाच्या वर गेलं की हा रकाना कुणी बघत नाही.’

‘माहीत आहे,’ आत्या म्हणाली. ‘नियम मीच करून घेतलाय. तेव्हाचे हेडसर मुलांना हवी ती पुस्तकं आणू देत नव्हते.’

मग ती दारात उभ्या असलेल्या मुलीकडे वळली आणि तिचं नाव विचारलं, वही पुढे ओढली, आणि दहावा क्रमांक घातला.